कोण कुठे नांदतं

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "किती फूट?" असा असतो. कशाचे फूट, असं जो विचारेल तो गावचा नव्हे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा मी न्यू जर्सीत रात्रभर फोनवर आकडे बघत बसले होते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे पाणी थांबलं. आई फोनवर म्हणाली, "ईल ईल म्हटलं, न्हाई आलं." जणू पाव्हणा यायचा होता आणि आला नाही.

आता माझ्या डोक्यात आणखी दोन आकडे घर करून बसलेत, १८० आणि ३६५. हे दिवस आहेत. ग्रीन कार्डवाला माणूस अमेरिकेबाहेर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहिला, तर परतताना त्याला नव्यानं प्रवेश मागणारा माणूस धरता येतं आणि विमानतळावरचे प्रश्न वाढतात. वर्ष उलटलं की नुसतं कार्ड परतीचा कागद म्हणून चालत नाही. म्हणजे १८० ला इशारा, ३६५ ला धोका. आज माझी पातळी आहे ५४२.

तरी वाहून गेलेले नाही. कपाटात, आईच्या पैठणीखाली, पासपोर्टसारखं दिसणारं एक पुस्तक आहे. री-एन्ट्री परमिट, म्हणजे वर्ष उलटलं तरी अमेरिकेत परतायला चालणारा परवाना. त्याच्यापायी मी जेवढा विचार केला, तेवढा लग्न करतानासुद्धा केला नव्हता.

आई पडली ती मृगाच्या पावसात. न्हाणीकडे जाताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. बाबा आधीच गेलेले, मी एकुलती एक. तिसऱ्या दिवशी मी इथे होते. ऑपरेशन चांगलं झालं, पण भूल उतरल्यावर आई पूर्ण परत आलीच नाही. थोडी मागे राहिली. मला कधी माझ्या नावानं हाक मारायची, कधी तिच्या धाकट्या बहिणीच्या. डॉक्टर आधी म्हणाले, वयामुळे असं होतं, उतरेल हळूहळू. मग त्यांनी 'उतरेल' हा शब्द वापरायचं सोडलं, आणि आम्हीही विचारायचं सोडलं.

त्या खेपेला एकशे सत्तराव्या दिवशी मी विमानात बसले. हिशेब करूनच. आईपाशी एक मावशी ठेवल्या, शेजारच्या वहिनींना किल्ली दिली आणि न्यू जर्सीतल्या एडिसनला नवऱ्याकडे, लेकाकडे गेले. गेले ते मुख्यतः या परमिटच्या अर्जासाठी. आय-१३१ नावाचा हा अर्ज अमेरिकेच्या जमिनीवर पाय असतानाच करावा लागतो. इथून पाठवला तर त्याची किंमत रद्दीची. अर्ज केल्यावर बोटांचे ठसे द्यायला बोलावतात, ते दिले की निकालासाठी तिथे थांबायची गरज नसते. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. त्याला मुदतवाढ नाही. पुन्हा हवं असेल तर पुन्हा तिकडे जाऊन पुन्हा अर्ज. कार्ड मिळाल्यापासूनच्या गेल्या पाच वर्षांत चारपेक्षा जास्त वर्षं बाहेर काढली असतील, तर एरवी एकाच वर्षाचं देतात. आणि एवढं करून ते पुस्तक सांगतं फक्त इतकंच, की केवळ जास्त दिवस राहिली म्हणून हिनं घर सोडलं असं धरू नका. दारातला अधिकारी बाकीचं सगळं विचारू शकतोच. नागरिकत्वासाठी लागणारं सलग पाच वर्षांचं राहणं वर्षभराच्या गैरहजेरीनं तुटतं, आणि ते हे पुस्तक जोडून देत नाही.

अर्जात एक प्रश्न मोठा तिरका आहे. कार्ड मिळाल्यापासून तुम्ही कधी अनिवासी म्हणून कर भरलाय का, किंवा स्वतःला अनिवासी समजून कर भरायचाच सोडलाय का? आमच्या ओळखीतल्या एकानं कर वाचवायला हेच केलं होतं आणि वर आम्हाला शहाणपण शिकवलं होतं. स्वतःच्या सहीनं 'मी इथे राहत नाही' असं लिहून द्यायचं आणि मग 'मी इथलाच' म्हणून परमिट मागायचं! मी मात्र आईच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याजसुद्धा तिकडच्या विवरणात दाखवते. तिच्या खात्यांवर माझं नाव आहे, आणि परदेशातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. मावशींना मी हे एकदा समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे म्हातारीच्या पैशाची चौकशी त्यास्नी कशापाय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरा अडला तो दुसरा प्रश्न. जाण्याचं कारण काय, आणि किती काळासाठी?

कारण सोपं होतं: आईची शुश्रूषा. किती काळ, यासाठी वकिलाला फोन केला. भला माणूस होता, घाईत नव्हता. त्यानं मला १९८८ चा एक निवाडा समजावून सांगितला. हुआंग नावाच्या बाईंचा. नवऱ्याबरोबर त्या जपानात राहत होत्या, कार्ड टिकावं म्हणून मधूनमधून अमेरिकेत चक्कर मारत होत्या. निवाडा त्यांच्या विरोधात गेला. चक्कर मारण्याला राहणं म्हणत नाहीत. बाहेरची भेट 'तात्पुरती' कधी, तर तिचा शेवट ठरलेला असेल तेव्हा. किंवा एखादी घटना घडली की ती संपणार असेल, आणि ती घटना थोड्या काळात घडेल अशी वाजवी शक्यता असेल तेव्हा.

"तर तुमच्या बाबतीत ती घटना कोणती?" वकिलानं विचारलं.

मी म्हटलं, आई बरी होणं.

तो जरा थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांचं काय मत आहे?"

एडिसनच्या स्वयंपाकघरात, गॅसवर दूध ठेवलेलं. ते उतू गेलं ते मला दिसत होतं, पण हात पुढे होईना. माझी भेट तात्पुरती आहे हे सिद्ध करायचं, तर ती कशानं संपणार हे मला लिहून द्यायचं होतं. आई बरी होणार नव्हती. मग उरलेली घटना एकच, आणि तिचीही 'वाजवी शक्यता' हवी, तीही 'थोड्या काळात'.

मी अठरा महिने लिहिले. कुठून आणला हा आकडा, मला आजही सांगता येणार नाही. वर्ष फार थोडं वाटलं, दोन वर्षं लिहायला हात धजावला नाही. भोगीच्या दिवशी मी कोल्हापुरात उतरले. परमिट नंतर घरी आलं, ते नवरा उन्हाळ्यात येताना घेऊन आला. त्याची मुदत संपायला अजून दहा महिने आहेत. पण मी लिहून दिलेले अठरा महिने आणखी चार दिवसांनी भरतात.

हे सगळं मला कुठेतरी आधी ऐकल्यासारखं वाटत होतं, आणि बरेच दिवस कुठे ते आठवेना. मग एका दुपारी माळ्यावरून आईची जुनी वॉकिंग स्टिक शोधताना थोरल्या आत्याआजीची लोखंडी ट्रंक हाताला लागली, आणि सगळं जागेवर बसलं. आपल्याकडे या कायद्याला फार जुना शब्द आहे: नांदणं.

बाई सासरी नुसती राहत नाही, ती नांदते. राहणं शरीराचं असतं. नांदण्यात मन धरलेलं असतं, हक्क धरलेला असतो, लोकांनी तसं मानणं धरलेलं असतं. माहेरी ती कितीही दिवस असो, ती 'आलेली' असते. आणि ते दिवस लांबले की गल्ली मोजायला लागते. चार दिवस म्हणजे माहेरपण. महिना म्हणजे बाळंतपण असावं. सहा महिने झाले की आवाज खाली येतो: "नांदत न्हाई वाटतं." अमेरिकेला हा हिशेब करायला कलमं लागली, आमच्या गल्लीत तो पाण्याच्या नळावर व्हायचा.

आत्याआजी, म्हणजे बाबांची आत्या, पहिल्या बाळंतपणाला गडहिंग्लजहून आली. मूल गेलं. न्यायला कोणी आलं नाही, आणि पोचवायला जायचं तर मानपान आडवा आला. पुढे सासऱ्यांनी तिथे दुसरी आणली. ही इथेच राहिली, चाळीस-बेचाळीस वर्षं. तिची ट्रंक मात्र कायम बांधलेली असायची. दोन लुगडी, एक चोळीचा खण, कुंकवाचा करंडा. दर दिवाळीत ती भावाला विचारायची, "मला पोचवायला कवा चलतोस?" आणि मग स्वतःच म्हणायची, "मी जातो की. मला काय हितं ऱ्हायाचं हाय?"

(बाहेरच्यांसाठी: ही छापायची चूक नाही. कोल्हापुरात बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. माझं लग्न होऊन पुण्याला गेल्यावर सासूबाईंनी मला पहिली दुरुस्ती हीच केली. न्यू जर्सीत मी 'येते' म्हणते. इथे आले की चार दिवसांत जिभेवर 'येतो' परत येतं. वास्तव्याचा पुरावा म्हणून हा कुठे जोडता येत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत भक्कम हाच.)

आत्याआजीचा परत जायचा इरादा पक्का होता, यात कुणालाच शंका नव्हती. ती बांधलेली ट्रंक होती ना. पण इरादा मनात असून भागत नाही, तो वागण्यात दिसावा लागतो, असं वकील मला सांगत होता तेव्हा मला तिचाच चेहरा दिसायला हवा होता. माझी ट्रंक म्हणजे एडिसनच्या घराचे हप्ते, तिकडचं ड्रायव्हिंग लायसन, दर एप्रिलला नवऱ्याबरोबर भरलेला कर, कॉलेजातला लेक. मी ती नीट बांधून ठेवली आहे. तिनंही ठेवलीच होती.

नांदण्याचा प्रश्न कोर्टातही गेलेला आहे. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंना सांगण्यात आलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीनं मिटलं आणि नंतर त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. ते सहा महिने वाचून मला हसू आलं होतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या सहा महिन्यांत ते सर्वांत स्वच्छ होते.

समोरच्या वाड्यात एक निवृत्त मास्तर राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मी काका म्हणते. मुलगा टेक्सासात, अमेरिकन नागरिक. नागरिकाच्या आईवडिलांना रांग नसते, त्यामुळे यांना कार्ड लवकर मिळालं. आम्ही मात्र नवऱ्याच्या नोकरीवर वर्षानुवर्षं रांगेत होतो. काकांची समजूत अशी, आणि ती निम्म्या महाराष्ट्राची आहे, की दर सहा महिन्यांनी जाऊन हजेरी लावली की काम झालं. शिमग्यानंतर तीन आठवडे, दसऱ्यानंतर तीन आठवडे. मस्टरवर सही केल्यासारखं. चौथ्या वर्षी एका विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचे शिक्के चाळले आणि विचारलं, "राहता कुठे?"

"मी म्हटलं, शुक्रवार पेठ." काका हे सांगताना अजून हसतात. "अगं, पोटातनंच आलं. मुलाचं गाव सांगायचं असतं हे नंतर लक्षात आलं."

त्यानं आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला. कार्ड स्वेच्छेनं सोडत असल्याचा. काकांनी सही केली. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मागून काय सांगितलं असतं? शुक्रवार पेठच की." पुढे त्यांनी पर्यटक व्हिसा काढला. आता उन्हाळ्यात दीड महिना जातात, नातवंडांना घेऊन हिंडतात आणि परत येतात. "आता पाव्हणा म्हणून जातो, तर सून पण नीट वागती," हेही त्यांचंच. मला त्यांचा हेवा वाटतो. पण माझा नवरा तिकडे आहे, लेक तिकडे आहे. काकू इथेच आहेत, गच्चीत पापड वाळवतायत. माझ्या घराचे दोन तुकडे झालेत, त्यांचं घर एकसंध आहे.

लोक विचारतात, नागरिकत्व का घेतलं नाही? पाच वर्षं भरली होती तेव्हा. घ्यायला हवं होतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही; तिकडचं घेतलं की इकडचा पासपोर्ट गेला. मला ते जमेना. बाबांनी माझ्या पहिल्या पासपोर्टसाठी कितीदा रजा काढून पुण्याच्या चकरा मारल्या होत्या, तो निळा गठ्ठा द्यायचा कसा? म्हणून अर्ज पुढे ढकलत गेले. आता गंमत बघा. मी अमेरिकन झाले असते, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढून माझ्याच गावात मरेपर्यंत राहू शकले असते आणि तिकडचं दार कुणी बंद केलं नसतं. परकी झाले असते तर कोल्हापुरात निवांत राहता आलं असतं. भारतीय राहिले, म्हणून इथला एकेक दिवस मोजावा लागतोय. हे मी गावातल्या तीन जणांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिघांनीही मला चहा पाजला.

आईला तपासणीला नेताना रिक्षा दसरा चौकातून जाते, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अलीकडून. आमचे डॉक्टर दुसरीकडे बसतात, पण ती दगडी इमारत दिसली की मी एकदा मान वळवून बघते. हे पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थानानं इथल्या स्त्री-विभागाची नेमणूक दिली होती. अमेरिकेत त्या ज्यांच्या घरी उतरल्या त्या कार्पेंटरबाईंचं रोझेल हे गाव आमच्या एडिसनपासून गाडीनं अर्ध्या तासावर. म्हणजे माझाच रस्ता, उलटसुलट. जाताना त्या सांगूनच गेल्या होत्या की शिकून परत येणार. आल्याही. पण क्षयानं पोखरलेल्या. या इमारतीत कामाला लागण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. लेक शाळेत असताना आम्ही तिथे गेलो होतो. दगडासमोर उभं राहून तो म्हणाला, "मम्मा, म्हणजे ही नक्की कुठली?" मी त्याला जॅकेटची चेन लावायला सांगितलं.

रखमाबाईंचा तो सहा महिन्यांचा हुकूम आनंदीबाई गेल्यावर पुढच्याच महिन्यातला. तारखा जुळवत बसायची सवय मला या परमिटनं लावली.

परवा नवऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, ऑक्टोबरात ये, नवा अर्ज टाकू, ठसे देऊ, महिना-दीड महिना राहा आणि जा परत. बाहेरच्या चार वर्षांपैकी अजून दोनही झालेली नाहीत, परत दोन वर्षांचं मिळायला हरकत नाही. त्याचं गणित बरोबर आहे. मग म्हणाला, "फक्त या खेपेला किती काळ ते जरा विचार करून लिही." आम्ही दोघंही मग काही वेळ पावसाबद्दल बोललो. पंचगंगा तेव्हा ३४ फुटांवर होती.

मावशींना मी ऑक्टोबरचं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "रातीचं कोण झोपणार मग हितं?" तो एक प्रश्न त्या फॉर्मात नाही.

आज सकाळी वहिनी मुलाबरोबर धारेचं दूध पाठवायच्या ऐवजी स्वतःच घेऊन आल्या. आईची वेणी घालायची होती, ती खुर्चीत बसलेली, मी मागे फणी घेऊन. रोज मला बघणाऱ्या वहिनी, पण आईशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, "काय काकी, लेक बरी जवळ हाय की तुमच्या!"

आईनं मान वळवायचा प्रयत्न केला. केस माझ्या हातात होते.

"कालच आलीया," आई म्हणाली. "चार दिस ऱ्हाईल, मग जाईल. तिचं घर हाय की तिकडं." मग मला म्हणाली, "जरा घट्ट घाल. सुटती."